दुसरा रिमोट

शहाद्यात माझं टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घरी माळ्यावर एकेचाळीस टीव्ही गेम आहेत. माझी बायको अलिशा त्यांना भंगार म्हणते. मला कोणी काही म्हटलेलं चालतं, त्या मशीनना भंगार म्हटलेलं चालत नाही. मागच्या ईदला याच शब्दावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता.

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द आमच्याकडे फार उशिरा आला. आम्ही टीव्ही गेमच म्हणायचो. जपानमध्ये १९८३ सालच्या जुलैत एक लाल-पांढरं मशीन विक्रीला आलं. घरातल्या टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेट खोचायची, दोघांच्या हातात खेळायचे दोन रिमोट. जगभरात ते सहा कोटींच्या वर खपलं. खानदेशात त्यातलं एक तरी आलं असेल की नाही, शंका आहे. आली ती त्याची नक्कल. डबा तोच लाल-पांढरा, आत मात्र अख्खं मशीन एका चिपवर, काळ्या लाखेच्या थेंबाखाली दडवलेलं. माझे अब्बा, नजीर, सुरतहून एसटीने दोन पिशव्या भरून हा माल आणायचे. कॅसेटवर छापलेलं असायचं ९९९९९९ खेळ. आत निघायचे सात, तेच पुन्हा पुन्हा. गिऱ्हाईक भांडायला आलं की अब्बा शांतपणे म्हणायचे, ‘आधी सात तर जिंका.’ जपानात तिसऱ्या पिढीची मशीन चालू होती तेव्हा आम्ही पहिल्या मशीनची नक्कल ‘नवा माल’ म्हणून विकत होतो. पुढे कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले आणि तो सगळा धंदाच बसला.

त्या मशीनना स्मरण नव्हतं. वीज गेली की खेळ गेला, सातव्या पातळीवरून थेट पहिल्या पातळीवर. म्हणून जेवायला उठताना कोणी मशीन बंद करत नसे. स्टार्टचं बटण दाबायचं, चित्र आहे तिथे थांबायचं, आणि आईने हाक मारली की ‘बंद करू नका रे’ असं ओरडून जायचं.

आणखी एक सांगून टाकतो. मला गूढ गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे. पंचवीस वर्षं मी लोकांचे बिघाड काढतोय. बिघाडाला कारण असतंच. सापडलं नाही तर आपली नजर कच्ची, एवढाच त्याचा अर्थ. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मला कोणी भोळसट समजायला नको.

यंदाच्या मे महिन्यात मला एका बाईंचा फोन आला. नाव मयूरी. धडगावला सरकारी कचेरीत कारकून. माहेर प्रकाशाच्या पुढे तापीकाठी, गुजर शेतकऱ्यांचं घर. गावाचं नाव मी लिहीत नाही.

“अकीलभाऊ, तुमच्या दुकानातला टीव्ही गेम आमच्याकडे अजून चालू आहे,” त्या म्हणाल्या.

“चालतो अजून? वा!”

“चालतो नाही. चालू आहे. एकोणीसशे नव्याण्णवपासून कोणी बंद केलेला नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ अमृत तेव्हा एकोणीस वर्षांचा, लोणखेड्याच्या कॉलेजात जायचा. एका दुपारी तो टीव्ही गेम खेळत होता. खेळ थांबवून म्हणाला, केळीचं पाणी बंद करून येतो, मशीनला हात लावू नका. फावडं खांद्यावर घेऊन गेला तो परत आलाच नाही. विहीर उपसली, नदीत जाळी टाकली, सुरतेपर्यंत शोध घेतला. काही सापडलं नाही. आणि आईने मशीनला कोणाला हात लावू दिला नाही. वीज जाईल म्हणून आधी ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, नंतर इन्व्हर्टर. टीव्ही तीन बदलले, मशीन तेच.

अमृत मला आठवत होता. उंच, किडमिडीत, हसला की डोळे मिटायचे. मी तेव्हा तेरा वर्षांचा, दुकानात गिऱ्हाइकाला खेळ खेळून दाखवायचो. तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा. गावातल्या दुसऱ्या कोणी मला असा मान दिला नव्हता, म्हणून तो लक्षात राहिला.

“आईच्या पोटात गाठ आहे,” मयूरीताई म्हणाल्या. “सुरतेच्या डॉक्टरांना घरी आणून दाखवलं, त्यांनी पंधरा दिवस दिलेत. ऑपरेशन केलं तर वाचेल. पण ती घर सोडत नाही. सव्वीस वर्षांत ती दोनदाच फाटकाबाहेर गेलीय हो. माझं लग्नसुद्धा अंगणात झालं. बाबा गेल्यापासून तर तिने खुर्चीच धरली आहे.” मग त्या एकदम घरच्या बोलीत आल्या. “भाऊ, तुमी दुरुस्तीनं नाव करीसन या आनि ते बंद पाडी द्या. मन्हा हात वयत नही. आई मरी जाई.”

मी हो म्हटलं. बाईची दया आली हे खरं, पण अर्धंच खरं. सव्वीस वर्षं अखंड चालू असलेलं मशीन जगात कोणाकडे नसेल, आणि बंद पडल्यावर ते त्यांना नको असणार होतं. माळ्यावरचं बेचाळिसावं, असा हिशेब मी फोन ठेवायच्या आधीच केला होता. लाज वाटते, पण होतं ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पोचलो. ऊन आत्तापासूनच डोळ्यांत खुपत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, मग ऊस, मग पुन्हा केळी. घर पक्कं, अंगण शेणाने सारवलेलं. दाराला कडी होती, कोयंडा नव्हता. काढून टाकलेल्या खिळ्यांची भोकं चौकटीत दिसत होती. मयूरीताईंनी सांगितलं, नवरात्रात घट बसले की घराला कुलूप लावत नाहीत, घरात कोणीतरी बसतं, ते आईने बारा महिन्यांचं केलंय.

जसोदाबाई आतल्या खोलीत लोखंडी खुर्चीत बसल्या होत्या. सत्तरीच्या, वाळून गेलेल्या, पोट तेवढं पुढे आलेलं. मांडीवर रिमोट. मला बघून त्या हसल्या.

“ये भाऊ, बठ. तू नजीरभाईना पोऱ्या ना? तेनासारखाच डोया शेतस.” मग मुलीला म्हणाल्या, “मयूरी, त्याले पानी दे. उनमाथून उना तो.”

मी टीव्हीकडे पाहिलं. मशीन अब्बांच्याच दुकानाचं, कॅसेटवर त्यांच्या अक्षरात ‘७ खेळ’ लिहिलेलं. ते सातही खेळ मला झोपेत खेळता येतात. पडद्यावर होता तो त्यातला कुठलाच नव्हता. तपकिरी जमीन, तिच्यावर हिरव्या झुबक्यांच्या ओळी, ओळींमधून एक निळसर रेघ. आणि डाव्या कडेपासून थोडं आत, पाठमोरा, एक पाऊल उचललेला बोटाच्या पेराएवढा माणूस. खांद्यावर चार ठिपक्यांची तिरकी रेघ.

नकली कॅसेटमध्ये काय काय भरलेलं असतं याचा नेम नाही, असं मी स्वतःला समजावलं. अब्बांना चुकून वेगळी कॅसेट मिळाली असेल.

मी बॅग उघडून कामाला लागलो. जुन्या कपॅसिटरचं टोपण फुगलंय, नवा टाकतो, असं काहीतरी बडबडलो. ते फुगलेलंच होतं, त्यामुळे खोटंही बोललो नाही. मयूरीताई दाराला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अडॅप्टरची पिन उपसली.

डब्यावरचा लाल दिवा विझला. चित्र तसंच राहिलं.

कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुरते, फार तर दोनदा. मी साठ आकडे मोजले. मग कपॅसिटरच्या दोन्ही पायांना स्क्रू ड्रायव्हर लावून उरलीसुरली वीजही काढली. मग टीव्हीला जाणारी वायर डब्यातून ओढून काढली. आता टीव्हीला काहीच जोडलेलं नव्हतं. हिरव्या ओळी, निळी रेघ, माणूस. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या बनियनमधून घाम पाठीवर उतरला आणि तो उन्हाचा नव्हता.

“मी बी काढी दखं व्हतं, भाऊ,” जसोदाबाई मागून म्हणाल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. “पहिलाच वरीसले. लाइटवर नही शे ते.”

“मंग कशावर शे, मावशी?”

“बठेल मानूसवर.”

मयूरीताई “आई!” म्हणून रडायला लागल्या आणि बाहेर गेल्या. हे त्यांनी शंभरदा ऐकलं असावं.

जसोदाबाईंनी मांडीवरचा रिमोट उचलून दाखवला. तो दुसरा रिमोट होता. पहिला स्टुलावर पडला होता. “हाऊ कोनीतरी हातमा धरीसन बठनं पडस. सोडी दिधा का तो चालाले लागस. त्याना बाप व्हता तवय आम्ही बारी बारीथून बठूत. आते मी एकलीच. सालदारनी बायको भिकुबाई घडीभर धरस, पन तिले बी घर शे.”

“चालस म्हंजे कथा जास?”

“भाईर.” त्यांनी हनुवटीने पडद्याची डावी कड दाखवली. “सुरुले तो मधमा व्हता. मन्हा भाऊना लगीनले गऊ, तवय त्याना बापना हातमाथून सुटना, एक पाऊल. मयूरीना बाळंतपनले दवाखानामा व्हतू, दोन. असं करता करता आठे उना.”

मी बिघाड काढणारा माणूस. माणसाच्या डोक्यातला बिघाड काढण्याचं काम माझं नाही. पण मला त्या क्षणी वाट दिसली, आणि मी स्वतःवर खूश झालो. मशीन बंद होत नसेल तर नसो. म्हातारीला इथून उठवायचं आहे ना?

“मावशी, मी बठस,” मी म्हणालो. “तुमी ऑपरेशन करी या. तोपर्यंत मी धरस.”

आमच्या भागात ‘तुम्ही जा, मी बसतो’ हे माणूस पाणी पितो इतक्या सहज बोलतो. दवाखान्यात, लग्नघरात, शेतातल्या मोटारीपाशी. कोणी त्याचा अर्थ लावत बसत नाही. जसोदाबाईंनी लावला. त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, तळवा वर केला आणि त्यावर रिमोट ठेवून माझी बोटं एक एक करून मिटली.

“डोया लागना तरी हरकत नही,” त्या म्हणाल्या. “हातमाथून सोडू नको.”

अर्ध्या तासात मायलेकी गाडीत बसल्या. मयूरीताईंनी काचेतून हात जोडले. मी खिडकीतून बघत होतो. फाटक ओलांडताना जसोदाबाई मागे वळून बघतील असं वाटलं होतं. वळल्या नाहीत.

गाडीचा आवाज विरला तसा मी रिमोट स्टुलावर ठेवला आणि डबा बॅगेत भरायला घेतला. मन मोठं प्रसन्न होतं. घरी जाऊन अलिशाला हे सगळं रंगवून सांगायचं, असं ठरवत होतो. अडॅप्टरची वायर गुंडाळताना डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

माणसाचा उचललेला पाय खाली टेकला होता आणि दुसरा वर गेला होता.

मी रिमोट उचलला. तो थांबला.

मग मी तेच केलं जे कुठल्याही कारागिराने केलं असतं. मोजमाप. बॅगेतली स्टीलची पट्टी पडद्याला लावली. माणसाच्या डाव्या काठापासून पडद्याच्या कडेपर्यंत सोळा मिलिमीटर. रिमोट ठेवला, घड्याळ लावलं. एक मिनिट गेलं आणि तो बारावर आला. रिमोटला रबरबँडने उकडलेला गरम बटाटा बांधून ठेवला, म्हटलं हाताच्या उबेचा काही खेळ असेल. भिकुबाईने उकडून खिडकीत ठेवलेले बटाटे हाताशीच होते. एक मिनिटाने तो आठवर आला.

आठ मिलिमीटर. दोन पावलं.

बटाटा रिमोटवरून घरंगळून फरशीवर पडला, आणि मला एकाएकी स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या बाईने सव्वीस वर्षं पोटाशी धरून ठेवलेली पावलं मी पंधरा मिनिटांत उधळली होती. मला अजूनही काही पटलं नव्हतं. पण पटलं नाही म्हणून कोणाच्या लेकाची उरलेली दोन पावलं खर्च करायची, एवढा मी निर्दय नाही. मी रिमोट घेतला आणि खुर्चीत बसलो.

त्या मशीनच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नसतं. जपानी अस्सल मशीनमध्येही नव्हतं, नकलेतही नाही. खेळ थांबवणं आणि सुरू करणं पहिल्या खेळाडूच्याच हातात. दुसऱ्याने नुसतं धरून बसायचं. पहिला रिमोट स्टुलावर होता. मी डाव्या हाताने त्याचं स्टार्ट दाबून बघावं म्हणून बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. खोलीत सगळीकडे बोटभर धूळ होती. त्या रिमोटवर कणही नव्हता, आणि तो कोणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखा कोमट होता.

संध्याकाळी भिकुबाई भाकरी घेऊन आली. घरच्या सालदाराची बायको, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. तिला काही सांगावं लागलं नाही. मी परसाकडे जाऊन येईपर्यंत तिने रिमोट धरला, टीव्हीकडे पाठ करून.

“लवकर ये. मन्हा भात लागी जाई,” ती म्हणाली.

“हाई काय शे, भिकुबाई?”

“मले नही माहीत नी मले माहीत करनं बी नही.”

अलिशाला फोन करून गाव सांगितलं आणि म्हटलं, मोठं काम निघालंय, दोन-तीन दिवस लागतील. ती म्हणाली, भंगार घरी आणू नका.

तिसऱ्या दिवशी मयूरीताईंचा फोन आला. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आई शुद्धीवर आली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो. आता त्या आठ दिवसांत येतील, मी रिमोट त्यांच्या हातात देईन, कानाला खडा लावून शहाद्याला जाईन आणि पुन्हा या वाटेला येणार नाही.

आठव्या दिवशी पुन्हा फोन. आई जेवायला लागली. सुरतेच्या बाजारात जाऊन साडी घेतली. सव्वीस वर्षांनी बाजार बघून लहान पोरीसारखं करतेय, असं मयूरीताई सांगत होत्या. “आई अमृतचं काही विचारते का?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “दादाचं? नाही. ती म्हणते, दादा घरी बसलाय ना.”

ऑपरेशनच्या औषधांनी असं होतं, असं मी समजलो.

नवव्या दिवशी अलिशाला फोन लावला. “हॅलो, कौन?” ती म्हणाली. मी म्हटलं, मी, अकील. “आपकी आवाज बराबर नहीं आ रही,” ती म्हणाली. “वो बाहरगाँव गए हैं काम से. आएँगे तो बोलती हूँ.”

मी पुन्हा फोन केला. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी जरा चिडून.

अकराव्या दिवशी भिकुबाईने भाकरीबरोबर केळीच्या फुलाची भाजी आणली. “तुले आवडस ना,” म्हणाली. मी ती भाजी जन्मात खाल्ली नव्हती. खाल्ली, आणि आवडते हे खरं होतं.

बसून बसून एक गोष्ट मला ऐकू यायला लागली होती. टीव्हीचा आवाज शून्यावर होता, तरी पाणी वाहत होतं. पाटाचं पाणी मातीत शिरताना जसं फुसफुसतं तसं. कुठल्या वाफ्यापर्यंत पोचलंय ते मला कळायचं. आता तिसरा भरला. आता चौथा. बांध फोडून दुसरीकडे वळवायला हवं, असं वाटून माझे खांदे आखडायचे.

मी उठून का गेलो नाही, असं कोणी विचारेल. मी स्वतःला दिवसातून चाळीसदा विचारत होतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन मिनिटं रिमोट ठेवला की मी मोकळा होतो. फाटक उघडंच होतं, मोटारसायकल सावलीत उभी होती. फक्त एका माणसाला कायमचं बाहेर घालवायचं होतं. मी तसा फार चांगला माणूस नाही, पण तेवढं मला जमलं नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी गाडी आली.

जसोदाबाई स्वतःच्या पायांनी उतरल्या. अंगावर नवी साडी, गालांवर रंग. मला रडूच आलं. मी रिमोट पुढे धरला आणि म्हणालो, “मावशी, ल्या. मन्ही बारी सरनी.”

त्यांनी रिमोटकडे पाहिलंही नाही. माझ्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. त्यांचा हात थंड आणि मऊ होता.

“पानी बंद करी उना ना रे?” त्या म्हणाल्या.

“मावशी, मी अकील. नजीरभाईंचा.”

त्या हसल्या. मागून मयूरीताई सामान घेऊन आत आल्या, पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि सहज म्हणाल्या, “दादा, तुन्हासाठे सुरतथून शर्ट आनेल शे.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो. थट्टेचं काही चिन्ह मला दिसेना. त्या पिशवीतून शर्ट काढून माझ्या खांद्यांना लावून बघत होत्या. तो बरोबर बसत होता.

मी टीव्हीकडे वळलो.

माणूस आठ मिलिमीटरवरच उभा होता. आता पाठमोरा नव्हता. तोंड आमच्याकडे केलेलं, आणि खांद्यावरची फावड्याची रेघ नव्हती.

रिमोट खाली टाकून पळायचं, एवढंच डोक्यात आलं. बोटं सैल केली. आणि पुन्हा घट्ट आवळली. त्या आठ मिलिमीटरवर आता कोण उभं आहे, याची मला खात्री राहिली नव्हती.

तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली.

दारात अलिशा होती. बुरख्याच्या कडेला धूळ, डोळे सुजलेले, हातात मोबाइल. सोळा दिवसांत मला तिच्याशिवाय दुसरं काही नको होतं.

“अलिशा,” मी म्हणालो. मला वाटतं मी म्हणालो. जसोदाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय रे? पानी पाहिजे?”

“माफ करना अम्मा,” अलिशा दारातूनच म्हणाली. “मेरे शौहर इधर काम के लिए आए थे. टीव्हीवाले. अकील नाम है उनका. उनकी गाड़ी बाहर खड़ी है.”

“ती गाडी कवयनी पडेल शे, माय,” जसोदाबाई म्हणाल्या. “आठे कोनी नही उनं. घरमा आम्ही मायलेकरंच.”

अलिशा आत आली. तिने खोलीभर नजर फिरवली, टीव्हीवर क्षणभर थांबली, मग माझ्यावर आली. दोन पावलांवर उभी होती. तिच्या अंगाला आमच्या घराचा वास येत होता.

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटो होता, माझा, दुकानातला.

“आपने इनको देखा क्या, भाईसाब?”

सोळा वर्षांच्या संसारात तिने मला कशाकशाने हाक मारली होती, पण ही हाक नव्हती. मी तोंड उघडलं. बाहेर काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली, बुरखा सावरला, जसोदाबाईंना सलाम केला आणि निघून गेली. फाटकाशी मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवून ती जरा वेळ उभी राहिली. मग रिक्षा वळली.

जसोदाबाई दारात उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

“बिचारीना घरवाला हरपना म्हने,” त्या म्हणाल्या. “कथा गया व्हई कोन जाने. वाट दखनं लई वाईट ऱ्हास, बेटा.”

मग त्यांनी माझी बोटं रिमोटभोवती नीट मिटली आणि स्वयंपाकघरात भाकरी टाकायला गेल्या.